आहे ती फायरवॉल चालू ठेवा, दुसरी विकत घेऊ नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वाणगावात नवे लॅपटॉप यायला लागतात. कुणी बोईसरहून आणतं, कुणी विरारला जाऊन चार दुकानं पालथी घालतं, कुणी ऑनलाइन मागवतं. खोकं घेऊन पोरगं आणि त्याचे आईवडील माझ्याकडे येतात. स्टेशनाजवळच्या माझ्या छोट्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म अशी सगळी कामं होतात. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करून द्यायचा, मराठी टायपिंग टाकून द्यायचं, ईमेल उघडून द्यायचा, एवढंच खरं तर काम असतं. पण त्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, दुकानदार म्हणाला वेगळी फायरवॉल घ्यावीच लागेल, नाहीतर हॅकर घुसतील. घेऊ का?"

घेऊ नका. जो कॉम्प्युटर घरच्या वायफायवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो, ज्यावर कॉलेजचा अभ्यास, बँकेचं काम, सातबारा, लाइट बिल आणि रात्री एखादा सिनेमा एवढंच होतं, त्याला वेगळ्या फायरवॉलची गरज नाही. विंडोजमध्ये फायरवॉल आधीपासून आहे. ती फुकट आहे, चांगली आहे, आणि तिला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: तिला बंद करू नका. हे इतकं ठासून लिहायचं कारण म्हणजे, मिरची तोडायला जाणाऱ्या बाईच्या आठवडाभराच्या मजुरीएवढे पैसे दरवर्षी या भीतीपोटी घरातून जातात आणि ज्या धोक्याने आमच्या भागातली माणसं खरोखर लुटली जातात, तो तिथेच राहतो.

फायरवॉल करते काय, ते आधी समजून घेऊ. कॉम्प्युटर नेटवर बोलतो तो क्रमांक दिलेल्या दारांतून. त्यांना पोर्ट म्हणतात आणि ती ६५ हजारांहून जास्त असतात. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडता, तेव्हा मागणी आतून बाहेर जाते आणि तिचं उत्तर परत येतं. हे उत्तर फायरवॉल आत घेते. पण कुणी न बोलावता बाहेरून येऊन दार ठोठावलं, तर ती उघडत नाही. विंडोजच्या फायरवॉलचा मूळ नियम एवढाच आहे. घरच्या वापराला तो पुरतो.

ती बंद असली की काय व्हायचं, हे मी हार्डवेअरचा कोर्स करत होते तेव्हा पाहिलं आहे. ऑगस्ट २००३ची गोष्ट. विंडोज एक्सपी चालू करायचा, डायल-अपने नेट जोडायचं, आणि थोड्याच वेळात पडद्यावर चौकट यायची की ६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार. आकडे उलटे मोजले जायचे आणि डोळ्यांदेखत तो बंद पडायचा. पुन्हा चालू केला, नेट जोडलं, की पुन्हा तेच. तो ब्लास्टर नावाचा वर्म होता. तुम्ही ईमेल उघडायची, काही डाउनलोड करायची त्याला गरजच नव्हती. नेट जोडलंय एवढं पुरे, तो १३५ क्रमांकाच्या पोर्टातून थेट आत शिरायचा. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती जुलैतच दिली होती, पण त्या रांगणाऱ्या डायल-अपवर अपडेट कोण उतरवणार? आणि एक्सपीत फायरवॉल नव्हती असंही नाही. होती, पण कंपनीकडून येताना बंद असायची. पुढच्या वर्षी सॅसरने तोच प्रकार ४४५ क्रमांकाच्या पोर्टातून केला. मग ऑगस्ट २००४मध्ये सर्व्हिस पॅक २ आला आणि त्यापासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

म्हणजे २००३ साली कुणी झोनअलार्मसारखी वेगळी फायरवॉल टाकायला सांगितलं असेल, तर तो सल्ला बरोबर होता. तेव्हा आमचे सरही तेच शिकवायचे. पण त्यानंतर परिस्थिती पार बदलली आणि सल्ला मात्र होता तसाच राहिला.

दुसरा बदल घरातल्या राउटरने केला. पूर्वी मोडेमची वायर थेट कॉम्प्युटरला यायची आणि कॉम्प्युटर नेटवर उघड्यावर असायचा. आता फायबरचा राउटर मधे असतो. घरातल्या मोबाइलला, टीव्हीला, लॅपटॉपला तो १९२.१६८ने सुरू होणारे आतले पत्ते देतो आणि बाहेर जगाला स्वतःचाच पत्ता दाखवतो. बाहेरून न मागता आलेलं काही कुणाकडे पाठवायचं, हेच त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. मोबाइल कंपन्या आता आयपीव्ही६चे पत्ते देतात, त्यात मात्र प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. त्यामुळे "राउटर आहे ना" असं म्हणून विंडोजची फायरवॉल बंद करून चालणार नाही. दोन्ही राहू द्या. तिसरी कशाला?

उलट त्या राउटरकडे कुणी बघतच नाही. जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले. कारण साधं होतं. मोडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, 'अ‍ॅडमिन' हाच राहिलेला होता. कंपनीला लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं. आजही मी कुणाच्या घरी गेले की दहा मिनिटं राउटरवर घालवते. आत शिरायचा पासवर्ड बदलायचा, वायफायचा पासवर्ड बदलायचा, आणि तो मालकाच्या वहीत लिहून द्यायचा. त्या दहा मिनिटांत जी सुरक्षितता मिळते, ती बाजारात पाकिटात मिळत नाही.

आता वेगळ्या फायरवॉलने होतं काय, ते सांगते. चिंचणीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली, आता भजनी मंडळाचा हिशेब बघतात आणि वर्गणीच्या पावत्या घरच्या वायफाय प्रिंटरवर काढतात. नातवाला लॅपटॉप घेताना दुकानदाराने त्यात सुरक्षेचं एक मोठं पॅकेज बसवून दिलं आणि त्यात स्वतंत्र फायरवॉल होती. दुसऱ्या दिवसापासून प्रिंटर बंद. दोघं मिळून दोन दिवस वायरी आणि शाई बघत होते. शेवटी गुरुजी लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही पिशवीत घालून वाणगावला आले.

प्रिंटरला काही झालं नव्हतं. नव्या फायरवॉलने घरचं वायफाय परकं ठरवलं होतं आणि प्रिंटरकडून येणारं उत्तर ती अडवत होती. मी बसले तेवढ्या वेळात उजव्या कोपऱ्यात चौकटी येत होत्या. सगळ्या इंग्रजीत. त्यातली एक विचारत होती की 'एसव्हीसीहोस्ट डॉट एक्सई'ला नेटवर जायचं आहे, जाऊ द्यावं का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. हा विंडोजचा स्वतःचाच भाग. त्याला नाही म्हटलं तर अपडेटपासून कशाकशाला अडथळा येईल सांगता येत नाही. पण विषाणू लिहिणारेही आपल्या फाइलला मुद्दाम असलंच नाव देतात. मग पावत्या काढणाऱ्या माणसाने ठरवायचं कशावरून?

"बाई, मी आधी सगळ्यांना नाही म्हणत होतो," गुरुजी म्हणाले. "मग नेटच बंद पडायला लागलं. तेव्हापासून सगळ्यांना होय म्हणतो."

पुढची गोष्ट जास्त गंभीर होती. प्रिंट येईना म्हणून नातवाने एक व्हिडिओ बघितला होता आणि त्यात सांगितल्याप्रमाणे सगळं बंद करून टाकलं होतं. नव्या पॅकेजमधलं बरंच काही बंद. विंडोजची स्वतःची फायरवॉलही बंद. विंडोज सिक्युरिटीचं पान उघडलं तर तिन्ही ठिकाणी लाल खुणा. शिवाय चौकटींचा त्रास नको म्हणून अपडेटही थांबवून ठेवलेले. पैसे देऊन जादा सुरक्षा घेतलेल्या त्या लॅपटॉपला आता कसलंच संरक्षण उरलं नव्हतं. पॅकेज काढलं, विंडोजची फायरवॉल चालू केली, घरचं वायफाय 'प्रायव्हेट' म्हणून नोंदवलं. पहिली पावती निघाली तेव्हा गुरुजींनी ती उजेडात धरून वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

यात मी गुरुजींना दोष देत नाही, नातवालाही देत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तो प्रश्न माणसाला दिवसातून दहा वेळा विचारला की माणूस तो विचारणाऱ्यालाच गप्प करतो. हे कुठल्याही घरात होईल.

वेगळ्या फायरवॉलच्या बाजूने बोलणारे म्हणतात, विंडोजची फायरवॉल आत येणाऱ्याला अडवते, पण बाहेर जाणाऱ्याला मोकळं सोडते. आमची बाहेर जाणाऱ्यालाही हटकते, म्हणजे आत शिरलेला विषाणू माहिती बाहेर पाठवायला लागला की कळेल. ऐकायला हे पटतं. ज्याला कुठला प्रोग्राम कशासाठी आहे हे कळतं आणि रोज त्याकडे बघायची हौस आहे, त्याने जरूर टाकावी. तरी विंडोजच्या फायरवॉलमध्येही बाहेर जाणाऱ्यावर नियम घालता येतात, हे त्याने आधी बघून घ्यावं. पण घरच्या वापरात त्याचा उपयोग किती? विषाणू एकदा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालू झाला, की तो फायरवॉलमध्ये स्वतःला परवानगी देऊन टाकू शकतो, नाहीतर ब्राउझर ज्या वाटेने जातो त्याच वाटेने बाहेर पडतो. त्याला तिथे पकडायची आशा धरण्यापेक्षा तो मुळात चालूच होऊ नये, यावर जोर दिला पाहिजे.

जादा सॉफ्टवेअर म्हणजे जादा सुरक्षा, हेही खरं नाही. मार्च २००४मध्ये विटी नावाचा वर्म आला. त्याने ब्लॅकआइस या फायरवॉलमधल्या आणि त्याच कंपनीच्या इतर उत्पादनांमधल्या एका चुकीतून शिरून सुमारे १२ हजार कॉम्प्युटरांच्या डिस्कवरची माहिती खराब केली. ज्यांनी ही फायरवॉल बसवलीच नव्हती, त्यांना त्याने हातही लावला नाही. जुलै २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचं एक महत्त्वाचं अपडेट दिलं, तेव्हा झोनअलार्म वापरणाऱ्या कितीतरी लोकांचं नेटच बंद पडलं आणि नेट चालावं म्हणून ते अपडेट काढून टाकायचा सल्ला दिला गेला. नेटवरून येणारी प्रत्येक गोष्ट तपासणारं सॉफ्टवेअर स्वतः कॉम्प्युटरच्या फार आत, फार मोठ्या अधिकाराने बसतं. त्यातली एक चूक महागात पडते.

अँटिव्हायरसबद्दल माझं असं टोकाचं मत नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी क्विक हील उभी केली, २०१६ला ती कंपनी शेअर बाजारात आली. फ्लॉपी आणि पेनड्राइव्हने विषाणू गावोगाव फिरत होते त्या काळात त्यांचं काम किती उपयोगी पडलं, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला माहीत आहे. आज विंडोजमध्ये डिफेंडर आहे आणि तो बहुतेक घरांना पुरतो. तरी कुणाला मदतीला फोन करता येईल असा, पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस हवा असेल तर त्याने घ्यावा. त्या पॅकेजमध्ये बहुधा फायरवॉल असतेच. तिच्यावर आणखी एक चढवू नये.

मग आमच्या भागात लोक फसतात कशाने? फोनने. महावितरणच्या नावाने मेसेज येतो की मागचं बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कापली जाईल, या नंबरवर बोला. बोललं की समोरचा गोड बोलून एनीडेस्क किंवा तसलंच एखादं अ‍ॅप उतरवायला लावतो, त्यातला क्रमांक विचारतो, आणि मग तुमचा पडदा त्याच्यासमोर उघडा. फेब्रुवारी २०१९मध्येच रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या वापराने होणाऱ्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. ते अ‍ॅप मुळात वाईट नाही, आम्ही दुरुस्तीवाले रोज वापरतो. पण यात फायरवॉल काहीच करू शकत नाही, कारण दार घरच्या माणसाने आतून उघडलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या दंडाच्या नावाने, अगदी लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या एपीके फाइलींचंही तेच. त्यात तर कॉम्प्युटरचा संबंधच नाही, सगळं मोबाइलवर होतं.

पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. जुलै २०१७च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी किती ते सांगितलं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ओटीपी स्वतः सांगून बसलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. लोक लाजेपोटी घरातही सांगत नाहीत आणि दोन दिवस घालवतात. लाजू नका, फसवणारे रोज हेच काम करतात आणि त्यात ते तरबेज असतात. आमच्याकडे बँकेत कामाला असलेली माणसंही याला बळी पडली आहेत.

मोठ्या संस्थांची फायरवॉल तर आपल्यापेक्षा कितीतरी भारी असते. तरी जून २०१७मध्ये नॉटपेट्याने मर्स्क कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पाडले आणि उरणजवळच्या जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. तो विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासातल्या वाटेने शिरला आणि आतल्या आत पसरला. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्रायने ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामं अडवली होती. त्याच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. दोन महिने अपडेट केलं नाही, त्याची ती किंमत.

आता अपवाद. ते आमच्याच परिसरात आहेत म्हणून त्यावर थोडं थांबते.

चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर घरोघर आहेत. धातूच्या ठोकळ्यावर हाताने नक्षी कोरायची ही कला आता पुष्कळ ठिकाणी सीएनसी मशिनवर आली आहे आणि मशिनशेजारी एक जुना कॉम्प्युटर असतो. त्यावर विंडोज ७, कुठे कुठे एक्सपीसुद्धा. मशिनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो बदलता येत नाही. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ला बंद झाले, विंडोज ७चे जानेवारी २०२०ला. या लोकांनी मला फायरवॉलबद्दल विचारलं तर मी सांगते, नेटची वायर काढा. त्या कॉम्प्युटरला नेट नकोच. डिझाइन दुसऱ्या, अद्ययावत कॉम्प्युटरवर उतरवा, पेनड्राइव्ह तिथेच तपासा आणि मग मशिनला लावा. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलच्या कुडनकुलम केंद्रात २०१९ला मालवेअर सापडलं, ते कार्यालयीन कामाच्या, नेटला जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये. केंद्र चालवणारी यंत्रणा त्या जाळ्यापासून वेगळी ठेवलेली असल्याने तिच्यावर परिणाम झाला नाही, असं एनपीसीआयएलने जाहीर केलं. वेगळं ठेवायची ही शिस्त एका मशिनच्या कारखान्यालाही परवडते. आणि डिझाइनच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर हवीच. कॉम्प्युटर पुन्हा घेता येतो, हाताने जमवलेली नक्षी परत येत नाही.

दुसरा अपवाद कॅमेऱ्यांचा. मिरचीच्या शेतावर, चिकूच्या वाडीत, बंगल्यावर कॅमेरे बसले. जुन्या प्रकारच्या डीव्हीआरचं चित्र मोबाइलवर दिसावं म्हणून बसवणारा माणूस राउटरमध्ये एक पोर्ट कायमचं उघडून देतो आणि डीव्हीआरचा पासवर्ड आहे तसाच ठेवतो. ऑक्टोबर २०१६मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या पासवर्डवरून ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडवून धरल्या. इथेही लॅपटॉपवरच्या वेगळ्या फायरवॉलचा काही उपयोग नाही, कारण उघडं पोर्ट राउटरवर आहे. कॅमेरे बसवणाऱ्याला समोर बसवून विचारा, कुठलं पोर्ट उघडलंस आणि पासवर्ड काय ठेवलास?

तिसरा, टॅलीचा कॉम्प्युटर घरून वापरता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉप नेटवर उघडा ठेवणारे व्यापारी आणि हिशेबनीस. पासवर्ड ओळखून सगळा हिशेब कुलूपबंद करायचा आणि खंडणी मागायची, हे चोरांचं ठरलेलं काम आहे. तो धंद्याचा कॉम्प्युटर झाला, त्याच्यासाठी जाणकाराला पैसे द्या, व्हीपीएन करून घ्या. घरच्या विंडोजची 'होम' आवृत्ती असेल तर तिच्यात बाहेरून आत घेणारा रिमोट डेस्कटॉप नसतोच.

याहून मोठी एक वाईट सवय आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. फुकटचा विंडोज, फुकटचं डिझाइन सॉफ्टवेअर असं म्हणून जी क्रॅक फाइल दिली जाते, तिच्याबरोबर पहिली सूचना असते: आधी अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करा. लोक बंद करतात. आणि अनोळखी माणसाने लिहिलेली ती फाइल पूर्ण अधिकाराने चालवतात. नंतर फायरवॉल पुन्हा चालू करायची आठवण कुणाला राहत नाही. माझ्याकडे आलेल्या 'हँग होतो' म्हणणाऱ्या किती कॉम्प्युटरांची कहाणी इथेच सुरू झालेली असते. विद्यार्थ्यांसाठी लिब्रेऑफिस फुकट आहे, इंकस्केप फुकट आहे, ब्लेंडर फुकट आहे, आणि तिन्ही राजमार्गाने मिळतात.

ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्यासाठी तर फायरवॉलपेक्षा दुसरीच गोष्ट निकडीची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा आधार संपला. कॉम्प्युटर ११ पेलत असेल तर ११वर जा. नसेल तर मायक्रोसॉफ्टने वाढीव अपडेटची जी एका वर्षाची सोय केली आहे, तिच्यात नाव नोंदवा. जुन्या विंडोजमधली न बुजवलेली चूक वरून चढवलेली फायरवॉल भरून काढत नाही. मॅकवाल्यांनी मात्र एकदा सेटिंग उघडून बघावं, तिथे फायरवॉल असते पण येताना बंद असते.

लॅपटॉप विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. गिऱ्हाईक समोर असताना विंडोज सिक्युरिटी उघडा. फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शनवर जा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही ओळींपुढे हिरवी खूण आहे, ते त्याला बोट ठेवून दाखवा. स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय जोडताना 'पब्लिक' निवडायचं, हे सांगा. याला दोन मिनिटं लागतात. मग पॅकेज विकायचंच असेल तर त्यात काय आहे, पुढच्या वर्षी किती पैसे लागतील, आणि न घेतल्यास काय चालू राहील, हे मराठीत बिलावर लिहून द्या. घाबरवून विकू नका. बारावीच्या निकालाच्या आनंदात बाप खिशात हात घालतो, तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं.

आणि ज्यांनी पॅकेज आधीच घेतलं आहे, त्यांनी पैसे भरले आहेत तोवर ते वापरावं. मुदत संपत आली की लाल चौकटी वाढतील, त्यांना घाबरून भरायला जाऊ नका. सेटिंगमध्ये अ‍ॅप्समध्ये जाऊन ते पूर्ण काढून टाका, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि त्या तिन्ही ओळी हिरव्या आहेत का बघा. एखादी लाल राहिली तर तिथेच 'टर्न ऑन' असं बटण असतं. ते दाबा. न जमल्यास लॅपटॉप जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, दोन मिनिटांचं काम आहे. याचे पैसे मी घेत नाही.